बांधकाम चालू, तोडकाम बंद

वरठीच्या आमच्या घरमालकांनी आमचं भलं केलं. काय झालं होतं ते पुढं येईलच, पण हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते सांगायला लागलं की लोक हसतात, आणि हसण्याच्या नादात ज्यानं केलं तोच माणूस बाजूला राहतो. त्यांचं खरं नाव मला नीट कधी कळलंच नाही. सगळं गाव त्यांना तोडगुरुजी म्हणायचं. दारावरच्या पाटीवरनं कळलं असतं, पण ती पाटी त्यांनी स्वतःच उतरवून पत्रा वेगळा, खिळे वेगळे करून ठेवलेले होते.

मी कऱ्हाडाकडची. सातवीतनं शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि रेल्वेत पॉइंट्समन असलेल्या नवऱ्यामागं गाड्या बदलत बदलत वरठीला येऊन उतरले. स्टेशनवर पाटी ‘भंडारा रोड’ची, गाव वरठी, आणि भंडारा कुठं दिसायला तयार नाही. आपण चुकीच्या ठिकाणी उतरलोय, असं जे पहिल्या दिवशी वाटलं ते पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. तिथं भाकरीपेक्षा भात जास्त. लोक ‘मला’ला ‘मले’ म्हणत. कुणी ‘काहून आली?’, म्हणजे ‘का आलीस?’, म्हटलं की मला वाटायचं, रागावलेच.

खोली बघायला गेलो तेव्हा गुरुजी अंगणात एक छत्री उलटी धरून तिच्या काड्या मोजत होते. भाडं किती, माणसं किती, असलं काही न विचारता त्यांनी माझ्या नवऱ्याकडं वर मान करून पाहिलं.

“लिव्हर कसं आहे?”

“बरं असेल की,” हे म्हणाले.

“असेल नाही. पाहून घेत जा, बेटा. साऱ्या शरीराचा मालधक्का तिथंच आहे.”

रेल्वेच्या माणसाला मालधक्का म्हटल्यावर पटलं असावं. आम्ही मागच्या दोन खोल्या घेतल्या.

गुरुजी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्याआधी, तरुणपणी, एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होते. उंदरांना एका बुरशीचं विष चारायचं, आणि त्यांच्या लिव्हरमध्ये गाठ कशी होते ते बघायचं, असलं त्यांचं काम. तिथनं का सुटले याच्या गावात चार गोष्टी होत्या. त्यांनी स्वतः सांगितलेली अशी, की प्रयोगशाळेत परदेशातनं एक गरगर फिरणारं महागडं यंत्र आलं, आणि ते आत कसं फिरतं हे कुणालाच सांगता येईना. म्हणून त्यांनी रविवारी ते उघडलं.

“जोडलं ना पण!” ते म्हणायचे. “सोमवारी पहाटे जोडून तयार. थोडे नटबोल्ट उरले, तेवढंच.”

यंत्र पुन्हा फिरलं का, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते म्हणाले, “बेटा, तू त्यांच्यासारखीच विचारून राहिली.”

त्यांची बायको नागपूरला मुलाकडं राहायची. ती बिचारी देवाघरी गेली असेल असं समजून मी पहिल्या महिन्यात फार हळू आवाजात बोलायची. मग दिवाळीला ती स्वतःच आली, धडधाकट, आणि मला म्हणाली, “मी कायले मरतो वं? माह्या शिलाई मशीनचे तुकडे केले ह्या माणसानं. मी त्या मशीनच्या मागं घर सोडलं.” चार दिवस राहिली. जाताना आपली पिशवी स्वतःच्या हातानं उचलून बाहेर नेली. गुरुजींच्या हातात दिली नाही.

अंगणात त्यांची एक टिनाची शेड होती. तिथं बंद पडलेली घड्याळं, कंदील, सायकली, शाळेची एक बाजाची पेटीसुद्धा सुटी सुटी होऊन बरण्यांत बसलेली. फेकलेलं काही नाही. तारा तारांत, स्प्रिंगा स्प्रिंगांत. गावात कुणाला स्क्रू लागला की तो तोडगुरुजींकडं यायचा, आणि स्क्रूबरोबर लिव्हरवरचं व्याख्यान घेऊन जायचा.

ते व्याख्यान मला पाठ झालं. “लिव्हरची एक एक पेशी दिवसभर प्रथिनं बांधते, अन् दिवसभर जुनी प्रथिनं तोडते. तोडते म्हणजे फेकत नाही, तुकडे परत कामी लावते. तुम्ही उपाशी राह्यले तं जास्त तोडते अन् त्याच्यावर निभावून नेते. शहाणी आहे. पण गाठीतली पेशी पाहा! तिले उपाशी ठेवा, काही करा, ते तोडायचं नावच घेत नाही. कॅन्सर म्हणजे काय? बांधकाम चालू, तोडकाम बंद.”

“बांधकाम चालू राहिलं तर बरंच की, गुरुजी,” मी म्हणायची. माझी अक्कल सातवीची.

“ज्या घरातून कधी काहीच बाहेर निघत नाही, त्या घराचं दार उघडते काय, बेटा?”

आता पळसाचं. त्या भागात पोळ्याला दाराशी पळसाची डहाळी उभी करतात. तिला मेढा म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उचलायची आणि “घेऊन जा गे मारबत!” असं ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायची. घरातली रोगराई, खोकला, ढेकूण, मच्छर, जे काय नकोसं असेल ते सगळं तिच्याबरोबर जातं. गुरुजींचं घर छप्पनपासून बौद्ध, त्यांच्याकडं पोळा नव्हता. पण मारबतीच्या सकाळी सगळ्यांच्या पुढं गुरुजीच, आणि ओरडणं काय, तर “जुनं प्रथिन घेऊन जा गे मारबत!”

शेजारच्या शेवंताकाकू, आंधळगावच्या माहेरवाशीण, धानाच्या शेतातनं दुपारी परतल्या की आमच्याच ओट्यावर टेकायच्या. त्या त्यांना छेडायच्या. “काहून गा गुरुजी, तुम्ही तं पोळा मानत नाही. मंग मारबत कायले पायजे?”

“पोळा बैलाचा असते. मारबत लिव्हरची.”

मारबतीवरनंच त्यांनी घराचा कायदा केलेला. जी वस्तू मोडीत काढायची तिला सुतळीनं पळसाचं पान बांधायचं. एकदा पान बांधलं की संध्याकाळच्या आत ती वस्तू शेडमध्ये. पान पुन्हा सोडायचं नाही, अपील नाही. फाल्गुनात पळसाला पान नसतं, तेव्हा फूल. महिन्यातनं एकदा ते पॅसेंजरनं नागपूरला जाऊन कुठल्याशा ग्रंथालयात इंग्रजी कागद वाचत बसायचे. एकदा तिथनं उड्या मारत आले. परदेशात म्हणे शोध लागला होता, की पेशीसुद्धा जे तोडायचं त्याला आधी खूण बांधते.

“माह्या पळसाची नक्कल!” ते अंगणात उभं राहून सांगत होते. “मी किती वर्षांपासून बांधून राहिलो, विचारा शेवंताबाईले!”

“हो ना गा,” काकू म्हणाल्या. “आता त्या गोऱ्यांच्या बायकाही माहेरी जातीन.”

घरात एकच वस्तू अशी होती की जिचं पोट कुणी उघडलं नव्हतं. रेडिओ. प्रयोगशाळेच्या पहिल्या पगारात घेतलेला, लाकडी पेटीचा. संध्याकाळी गुरुजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्याच्यासमोर बसायचे आणि डोळे मिटून नागपूर केंद्र ऐकायचे, शेतमालाचे भाव असोत नाहीतर गाणं. त्या वेळात लिव्हरचा विषय नसे. आम्हीसुद्धा भांडी हळू घासायचो.

असं चाललं होतं, आणि त्या पावसाळ्याच्या तोंडाला ह्यांना कावीळ झाली.

डोळे पिवळे, अन्न नको, ड्युटीवर उभं राहवेना. कावीळ उतरली, पण नागपूरच्या डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली चाचपून सांगितलं, सूज आहे, जपा, दिवाळीआधी पुन्हा दाखवा. मी विचारलं, नाही उतरली तर? ते म्हणाले, “मग बघू. गाठ वगैरे नाही ना, हे बघावं लागेल.” तो ‘वगैरे’ माझ्या छातीत बसला. ह्यांच्यामागं मला तिथं कोण होतं? हे गेले असते तर सातवी शिकलेल्या बाईला रेल्वेनं काय दिलं असतं, आणि कऱ्हाडपर्यंतचा रस्ता तरी मला एकटीला सापडला असता का?

माझ्याकडं एकच औषध होतं. होळीला भाऊ येऊन गेला तेव्हा आईनं शेंगदाण्याचं पोतं पाठवलेलं. आमच्याकडं अशक्त माणसाला शेंगदाणे देतात, दाण्याचा लाडू, दाण्याची आमटी. पोत्याचं तोंड आईनं स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या काठानं शिवलेलं होतं. ते पोतं मी एखाद्या देवासारखं कोपऱ्यात ठेवलेलं, आणि रोज त्यातले मूठभर काढून ह्यांना घालत होते.

वरठीचा पावसाळा आमच्यासारखा नाही. भिंती ओल्या, पीठ ओलं, आगपेटी ओली. श्रावणात पोत्यात हात घातला तर दाणे मऊ लागले, वास कुबट, आणि कितीतरी दाण्यांवर हिरवी-पिवळी भुकटी. मी काय केलं? जे आमच्याकडं कुठलीही बाई करेल तेच. फडक्यानं पुसले, खरपूस भाजले, गूळ जास्त घातला. आईनं एवढ्या लांबनं पाठवलेलं टाकायचं कसं?

वासावरनं गुरुजी आले. न विचारता स्वयंपाकघरात कधी येत नसत, त्या दिवशी आले. एक दाणा उचलून उजेडात धरला. मग बाहेर गेले, पळसाचं पान आणलं आणि पोत्याच्या तोंडाला बांधलं.

“हे माझ्या आईचं आहे,” मी म्हणाले.

“बुरशी आईची नाही.”

“मी भाजून देते, गुरुजी. चांगलं लाल करून.”

“भाजल्यानं हे विष जात नाही, बेटा. हेच विष मी उंदरांले चारलं. ह्या हातानं. एक दिवसात काही होत नाही. चांगले खेळत होते. मंग बऱ्याच दिवसांनी पोट उघडलं.” त्यांनी सुतळीची गाठ आवळली. “अन् त्यांचं लिव्हर तं आधी चांगलं होतं. तुह्या नवऱ्याचं आताच सुजलेलं आहे.”

मला राग आला. ज्या माणसानं बायकोची मशीन ठेवली नाही, तो माझ्या आईचं पोतं काय ठेवणार! माझा माणूस जगवायचं माझ्या हातात एवढंच होतं, तेही गुरुजींना मोडीत काढायचं होतं. मी दाराला कडी लावली आणि रडत बसले. हे आतनं क्षीण आवाजात म्हणाले, “अगं, घरमालक आहे, जरा सांभाळून.” त्यांना लाडूही नको होते, भांडणही नको होतं.

शेवंताकाकू आल्या. सगळं ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांत मी ती चमक बघितली.

“लय कायदा करते ना म्हातारा? थांब तू.”

त्यांनी पोत्याचं पान सुतळीसकट सोडलं, ऐटीत पुढच्या खोलीत गेल्या, आणि रेडिओच्या बटणाला बांधून आल्या. “आता पाहू कायदा,” म्हणाल्या. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून खिडकीशी उभ्या राहिलो. गुरुजी बघतील, चिडतील, पान उपटून फेकतील. मग मीही म्हणणार होते, तुम्ही सोडलंत, मी पण सोडलं.

गुरुजी अंघोळ करून आले. धुतलेला सदरा. बटणाकडं हात गेला आणि थांबला. पान त्यांनी दोन बोटांत धरलं, उलटं केलं. आमच्या खिडकीकडं पाहिलंसुद्धा नाही. रेडिओ उचलला, एखादं मूल काखेत घ्यावं तसा घेतला आणि शेडमध्ये गेले.

आम्हाला वाटलं, लपवायला नेला. पण आतनं पेचकसाचा आवाज यायला लागला.

काकू धावल्या. “गुरुजी! ओ गुरुजी! मी मजाक केली गा! मीच बांधलं ते पान!”

तोवर पाठीचा पुठ्ठा निघालेला होता. आतले काचेचे दिवे एका फडक्यावर ओळीनं ठेवलेले. गुरुजी मान वर न करता म्हणाले, “शेवंताबाई, पेशीले मजाक समजत नाही. खूण कोणी बांधली, ते विचारत नाही. खूण आहे, तोडा.”

“अहो पण चांगला होता ना तो! बोलत होता!”

हे ऐकलं आणि त्यांचा पेचकस मधेच थांबला. मी दारात होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. सिग्नल पडून अडलेल्या गाडीला एकदम वाट मोकळी व्हावी, तसा तो चेहरा उजळला.

“चांगला होता!” ते ओरडले. “म्हणजे पाहा ना! चुकीच्या वस्तूले खूण लागली तं चांगलं प्रथिन तुटते. अन् ते प्रथिन जर गाडीच्या ब्रेकसारखं असन तं? पेशीचा ब्रेकच तोडून टाकला तं? मंग वाढणारच! तोडकाम बंद पडूनही गाठ होत असन, अन् चुकीचं तोडूनही होत असन! हे मले एवढी वर्षं सुचलं नाही. शेवंताबाई, तुम्ही काय केलं हे तुम्हाले माहीत नाही!”

“मले माहीत आहे,” काकू म्हणाल्या आणि तिथंच खाली बसून रडायला लागल्या.

रडणारी एक, नाचणारे एक. रेडिओचं रिकामं खोकं मधे. मी खोलीत परत आले. पोत्यावरचं पान काकूंनी काढलेलं होतं, पोतं मोकळं होतं, आता मला कुणी काही म्हणणार नव्हतं. पण ज्या माणसानं स्वतःच्या कायद्यापायी स्वतःची संध्याकाळ मोडून घेतली, तो माझ्या दाण्यांबद्दल खोटं कशाला बोलेल, हे माझ्या सातवीच्या डोक्यातसुद्धा शिरलं. अंगणात पळसाच्या पानांचा गठ्ठा असायचा. त्यातलं एक घेऊन मी स्वतः पोत्याला बांधलं आणि डब्यातले लाडूही पोत्यात ओतले.

पोळा दोनच दिवसांवर होता, तोवर पोतं शेडमध्ये गेलं. मारबतीच्या सकाळी गुरुजींनी पोतं आधी अंगणात घेतलं. ब्लेडनं आईच्या शिवणीचा एकेक टाका सोडवला, लुगड्याचा काठ अख्खा काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

“हे तुह्या आईचं. हे परत कामी लाव. बाकीचं तिचं नाही.”

काकू म्हणाल्या, “मंग मह्या गाईले द्या ना दाणे. वाया काहून घालता?”

“दुधातून परत तुमच्याच घरी येते ते, शेवंताबाई.”

शिवेवर पोरं नाचत होती, ढोल वाजत होता. कुणी खोकला घेऊन जा म्हणत होतं, कुणी महागाई. गुरुजींनी सगळ्यांनी टाकलेल्या मेढ्यांच्या पेटलेल्या ढिगाऱ्यावर आमचे शेंगदाणे ओतले. भाजल्या दाण्याचा वास सुटला आणि मला क्षणभर आमचं घरच डोळ्यांसमोर आलं. मी ओरडले, “घेऊन जा गे मारबत!” तिथली भाषा मी पहिल्यांदा तेव्हा बोलले, आणि कुणी हसलं नाही.

दिवाळीआधी नागपूरला गुरुजी आमच्याबरोबर आले. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी टेबलावरचं रक्तदाबाचं यंत्र उलटं करून खालचे स्क्रू बघून घेतले. मी त्यांचा हात धरून ठेवला. डॉक्टर आत आले, ह्यांचं पोट चाचपायला लागले, तर गुरुजींनी मागनं सुरू केलं, पेशी, प्रथिनं, बुरशी.

“आपण कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“घरमालक.”

“मग भाड्याचं बोला.”

डॉक्टरांनी दाबलं, श्वास घ्यायला सांगितलं, रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाले, सूज उतरली. बाहेर येऊन मी गुरुजींच्या पाया पडायला वाकले, तर ते चटकन मागं सरकले.

“नको नको. काविळीची सूज तशीही उतरते. मी वाचवलं असं म्हणू नको. पुरावा नाही.”

“मग तुम्ही काय केलं?”

“काही व्हायचं होतं ते न व्हावं म्हणून केलं. आता ते झालं नाही, तं दाखवणार काय?”

पुढं तीन-चार वर्षं आम्ही तिथं राहिलो. रेडिओ परत जोडला नाही. त्याचे दिवे, तारा, बटणं बरण्यांत गेली. बटणांतलं एक काकूंच्या नातवाच्या खेळण्याला लागलं. नवा घ्यायला मुलानं पैसे पाठवले, तर त्यांनी त्याचे ग्रंथालयाला जायचे पास काढले. पण संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते त्या रिकाम्या फळीसमोर बसायचेच. मग शेवंताकाकू आपला ट्रान्झिस्टर भिंतीच्या खिडकीत आणून ठेवायच्या आणि आवाज मोठा करायच्या. तो किती खराब वाजतो म्हणून गुरुजी रोज तक्रार करायचे. आणि रोज ऐकायचे.

आता ह्यांची बदली होऊन आम्ही पुन्हा एका तिसऱ्याच ठिकाणी आहोत, तेही घरापासून लांबच. मागच्या साली हे कामानं वरठीला उतरले. गुरुजी नागपूरच्या पॅसेंजरची वाट बघत फलाटावर बसलेले, पाठीत वाकलेले. ह्यांना ओळखलं, पण नमस्कार वगैरे काही नाही. उठले आणि सगळ्या लोकांदेखत ह्यांच्या उजव्या बरगडीखाली बोटं खुपसून दाबलं. “मऊ आहे,” म्हणाले आणि गाडीत चढले.

आईच्या लुगड्याचा तो काठ मी पुढं झालेल्या धाकट्या मुलाच्या दुपट्याला लावलाय. आणि एक ठरवलंय, ते इथं सगळ्यांदेखत लिहिते, म्हणजे माझं मलाच मागं फिरता येणार नाही. एक दिवस मी वरठीला जाणार, आणि गुरुजींना नवा रेडिओ नेऊन देणार. लाकडी पेटीचा मिळतो का तेही बघणार. ते तो उघडणार, हे मला माहीत आहे. पण मी संध्याकाळच्या गाडीनंच पोचणार. अंघोळ झालेली असेल, सदरा धुतलेला असेल. त्या दिवशी तरी आधी ऐकतील.